बाईंना कारण हवं होतं

आमच्या बाईंसमोर साधं वाक्य बोलायची सोय नव्हती. साधं म्हणजे "आज उकाडा फार आहे" इतकं साधं. बाई चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "हे विधान झालं. कारण?" भूमितीच्या वहीत मधोमध उभी रेघ मारून डावीकडे विधानं आणि उजवीकडे कारणं लिहायची, हे आपण सगळेच शाळेत शिकलो आणि दहावीचा पेपर टाकून आल्यावर विसरलो. बाई मात्र ती रेघ वहीतून उचलून डोंबिवलीभर मारत फिरत.

कोपऱ्यावरचा भाजीवाला सुरुवातीला वैतागायचा. "मेथी नाय आज," म्हणाला की बाई पिशवी धरून उभ्याच. पुढे पुढे त्या वळणावर दिसल्या की तो आपणहून ओरडायचा, "बाई, मेथी नाय! गाडी शीळफाट्याला अडकली!" बाई खूश होऊन म्हणायच्या, "शाब्बास, पूर्ण गुण." सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा फलकावर लिहिलं, उद्या पाणी येणार नाही. संध्याकाळी त्याखाली लाल शाईत शेरा होता: कारण दिलेले नाही, दोन गुण कमी. सेक्रेटरी स्वतः निवृत्त अधिकारी, त्यामुळे आठवडाभर धुसफुसत होते. पण पुढच्या वेळी त्यांनी पाइप कुठे फुटलाय ते आकृती काढून दाखवलं.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे घेऊन गेले. तोंडात पेढा असतानाही बाईंनी विचारलंच. मी म्हटलं, "चांगला आहे." त्या म्हणाल्या, "हे पुन्हा विधानच." मी अर्धा तास चाचपडले. शेवटी म्हटलं, "मी दमलेय हे त्याला न सांगता कळतं, आणि तो चहा टाकतो." बाईंनी दुसरा पेढा उचलला. लग्नानंतर योगायोगाने मी त्यांच्याच बिल्डिंगमध्ये राहायला आले. त्या तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. लिफ्ट नाही.

शाळेत त्यांनी आम्हाला आठवी ते दहावी भूमिती शिकवली, आणि त्या तीन वर्षांत मी त्यांना वर्गात बसलेलं पाहिलं नाही. खुर्चीवर त्यांची पर्स आणि छत्री बसायची. बाई फळ्यासमोर उभ्या, टाचा उचलून, हात वर ताणून, कंपास न वापरता असं वर्तुळ काढायच्या की मागच्या बाकावरची कार्टीसुद्धा गप्प व्हायची. वर्तुळ पुरं झालं की त्या दोन पावलं मागे येऊन स्वतःच त्याच्याकडे कौतुकाने बघत. हा गर्व त्यांना शोभायचा.

तेवढ्या ताणाताणीतही साडीची एक निरी हलायची नाही. हे रहस्य मला दहावीच्या शिक्षकदिनी कळलं. त्या दिवशी दहावीच्या मुली साड्या नेसून खालच्या वर्गांना शिकवतात. मला साडी नेसवायला आईला वेळ नव्हता, म्हणून मी बाईंच्या पुढे उभी राहिले. त्यांनी परकराची नाडी माझ्या कमरेच्या हाडांवर बसवली, श्वास आत घ्यायला सांगितलं आणि मोट ओढावी तशी ओढली. "बाई, दुखतंय!" "दुखू दे. हाडावर बसली की घसरत नाही. फळ्यावर हात वर नेलास आणि नेसू सुटलं तर वर्ग हातचा गेला." मी सातवीला त्रिकोण शिकवले, साडी जागची हलली नाही. मधल्या सुट्टीतला समोसा मात्र मला गिळता आला नाही.

निवृत्तीनंतर बाईंनी आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये दर रविवारी भूमितीचा वर्ग सुरू केला. फी नाही, फक्त वेळेवर यायचं. हॉलची किल्ली माझ्याकडे, त्यामुळे मीही बऱ्याचदा तिथेच रेंगाळायचे. अशाच एका रविवारी सिद्धतेच्या मध्यावर बाई थांबल्या. एक हात मांडीवर दाबला, फळ्याला टेकल्या आणि पर्स उचलून खुर्चीत बसल्या. मुलं घाबरली. खरं सांगायचं तर मीही घाबरले.

तेव्हापासून ते सुरू झालं. उभं राहिलं की थोड्या वेळात डाव्या मांडीची बाहेरची बाजू पेटायची. आधी मुंग्या, मग आग, मग साडीचा स्पर्शही नकोसा व्हायचा. बसलं की हळूहळू विझायचं. कंबर तर आधीपासूनच कुरकुरत होती, त्यामुळे सगळ्यांनी ठरवून टाकलं की कमरेतलं पायात उतरलंय.

"बसून शिकवा ना बाई," मी म्हटलं.

"बसून मला शिकवता येत नाही. मी बसले की फळा माझ्या डोक्यावर जातो. दिवाळीपर्यंत बघते, नाहीतर वर्ग बंद." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. डस्टर खिडकीबाहेर झटकत राहिल्या, खडूचा कण उरला नव्हता तरी.

आपल्याकडे कमरेचं दुखणं कळलं की प्रत्येकाच्या आत एक वैद्य जागा होतो. कुणी निर्गुंडीचं तेल आणलं, कुणी गरम वाळूची पुरचुंडी, कुणी चुंबकाची गादी. कल्याणच्या एका नामांकित हाडवैद्याकडे मीच त्यांना नेलं. त्याने पाठीवरून हात फिरवून "वात आहे" म्हणून सांगितलं, तर बाई म्हणाल्या, "असेल. पण तो फक्त डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूलाच का राहतो?" त्याने आमच्याकडे असं पाहिलं की आम्ही चपला घालून निघालो. सगळ्यात जास्त राग त्यांना "वय झालं" या उत्तराचा यायचा. "सगळ्या उदाहरणांचं एकच उत्तर येत असेल," त्या म्हणायच्या, "तर मुलाने गणित सोडवलेलं नाही, मागच्या पानावरून उतरवलंय."

त्यांचा मुलगा घोडबंदर रोडला उंच टॉवरमध्ये राहतो. स्वभावाने गरीब, आईवर जीव. त्याने ठाण्यात माजिवड्याजवळच्या हॉस्पिटलमधले मणक्यांचे डॉक्टर गाठले. डॉक्टर तरुण, हुशार आणि कायम घाईत. एमआरआय झाला. त्यांनी तो पडद्यावर लावला आणि पेनाने दाखवत म्हणाले, "हे बघा आजी, इथे मणके झिजलेत, इथली गादी सरकलीय, इथे नस दबतेय. टेन्शन घेऊ नका."

"आजी कुणाची?" बाईंनी विचारलं.

डॉक्टर गोंधळले. मी पायाने बाईंचा पाय दाबला, आजारी नव्हता तो.

गोळ्या मिळाल्या, व्यायाम मिळाले आणि कमरेला बांधायचा रुंद पट्टा मिळाला. हा पट्टा बांधणं ही माझी कामगिरी. रविवारी सकाळी मी वर जायचे. बाई साडीवरून पट्टा धरून उभ्या राहायच्या आणि मी मागून ओढायचे. दुखणं कमी झालं नाही, वाढलं. दुखणं वाढलं म्हणून आम्ही पट्टा आणखी आवळला. आवळला तसं आणखी वाढलं. पूर्वी निम्मा तास तरी उभ्या राहायच्या, आता हजेरी संपायच्या आत खुर्ची. वर्गातली मुलं गळायला लागली. मुलाने घोडबंदरच्या घरात आईसाठी खोली रंगवून घेतली.

शेवटी ऑपरेशन ठरलं. मणक्यात स्क्रू बसवायचे. "मग उभं राहता येईल?" बाईंनी विचारलं. "बहुतेक," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक" हा शब्द बाईंनी आयुष्यात कुणाच्या उत्तरपत्रिकेत चालवून घेतला नव्हता. त्या दिवशी चालवून घेतला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की बाई थकल्यात.

दाखल व्हायच्या दिवशी मी रजा काढली आणि त्यांना गाडीतून घेऊन निघाले. शीळफाट्याला नेहमीप्रमाणे ट्रकच्या भिंती. गाडी इंचभर हलेना. बाईंनी पट्टा सैल केला, काच थोडी खाली केली आणि बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, मला ऑपरेशनची भीती नाही वाटत. पण स्क्रू बसवले आणि तरी मांडी जळतच राहिली, तर मग मी कुणाला विचारू?" मी उगाच हॉर्न वाजवला.

हॉस्पिटलमध्ये त्यांना तो मागून बंद होणारा ढगळ झगा दिला. साडी, परकर, पट्टा सगळं घडी करून मी पिशवीत भरलं. बाई त्या झग्यात लहानखुऱ्या दिसत होत्या, मला बघवेना. मी चहा मागवला. दुपारी डॉक्टर राउंडला आले, बरोबर एक नर्स. मुलगा ऑफिसातून यायचा होता.

डॉक्टर म्हणाले, "काही शंका आजी?"

शंका म्हटल्यावर बाई पलंगावरून उतरल्या. बसून वाद घालणं त्यांना जमायचं नाही.

"मणके झिजलेत हे विधान मला मान्य आहे. माझी मांडी जळते हे तर मीच सांगितलंय. पण पहिल्यामुळे दुसरं होतं, याचं कारण?"

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, पण माणूस चांगला. त्यांनी पाठीच्या नसा कुठून निघतात, कुठे जातात, ते हवेत काढून दाखवलं. बाई एकेका पायरीवर अडवत होत्या. पाऊल का बधिर होत नाही? खोकलं तर कळ का येत नाही? पोटरीत काहीच कसं नाही? डॉक्टर उत्तरं देत होते आणि मला असं वाटत होतं की उत्तर देता देता त्यांचा वेग जरा कमी होतोय.

"बरं," बाई म्हणाल्या, "माझ्या वयाची, काही न दुखणारी बाई आणली आणि तिचा फोटो काढला, तर कसा दिसेल?"

डॉक्टर थांबले. "खरं सांगू? बऱ्याच जणींचा असाच दिसेल."

"म्हणजे असा फोटो असूनही मांडी जळत नाही, असं होऊ शकतं. मग माझी याच फोटोमुळे जळते हे कशावरून?"

"आजी, कारण तुमच्या बाबतीत दुखणं आहे, आणि—"

बाई त्यांचं ऐकत नव्हत्या. त्या खाली, स्वतःच्या पायांकडे बघत होत्या. हळूच माझ्याकडे वळल्या. "अगं, मी किती वेळ उभी आहे?"

मी चहाकडे पाहिलं. त्यावर साय धरली होती. डॉक्टर आले तेव्हा तो वाफाळत होता.

"जळतंय का बाई?"

"नाही," बाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. "नाही गं. जळत नाहीये."

"आराम केल्यामुळे असेल," डॉक्टर म्हणाले. "गोळ्यांचा परिणाम..."

"गोळ्या तुम्हीच बंद केल्यात. आरामही नाही, शीळफाट्याचे खड्डे खाऊन आलेय मी." बाईंचा आवाज आता वर्गातला झाला होता. "मणके तेच. पाय तोच. उभं राहणंही तेच. मग बदललं काय?" त्यांनी स्वतःच्या अंगावरच्या झग्याचा घोळ मुठीत धरला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. आठवीत उत्तर येत नसताना जशा बघायच्या तशाच. आणि काय सांगू, या खेपेला मला उत्तर आलं.

"परकर!" मी ओरडले.

"आण इकडे!"

नर्सने पडदा ओढला. डॉक्टर बाहेर, आम्ही तिघी आत. बाईंनी झग्यावरूनच नाडी हाडांवर बसवली, श्वास घेतला आणि त्यांच्या पद्धतीने आवळली. वरून मी पट्टा ओढला. मग बाईंनी पडदा बाजूला केला आणि झगा, परकर, पट्टा अशा अवतारात डॉक्टरांसमोर ताठ उभ्या राहिल्या. डॉक्टरांना तीन ठिकाणी जायचं होतं, फोन वाजत होता, तरी ते हलले नाहीत. नर्ससुद्धा ट्रे धरून तशीच. मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दुखावं म्हणून देवाला विनवत होते.

"आलं," बाई म्हणाल्या. "मुंग्या आल्या. आता पेटतंय." त्यांनी ओठ दाबले, थोडं सोसलं आणि मग सर्रकन गाठ सोडली. पट्टा खाली पडला. आम्ही पुन्हा थांबलो. हळूहळू त्यांच्या कपाळावरची आठी उलगडली.

डॉक्टर पुढे आले. "बाई, झोपा जरा," ते म्हणाले. आजी नाही, बाई. त्यांनी कमरेच्या पुढच्या टोकदार हाडाच्या जरा खाली अंगठा टेकवून दाबला. बाई अशा किंचाळल्या की शेजारच्या खोलीतून माणसं डोकावली.

"तिथेच! अरे तिथेच! इतके दिवस कुठे होता हा अंगठा?"

डॉक्टर स्टुलावर बसले आणि हसायलाच लागले. मग त्यांनी समजावलं. मांडीच्या बाहेरच्या कातडीची एक नस याच हाडाखालून, जांघेच्या कडेने बाहेर येते. तिथे ती चिमटली की आग मांडीत होते. माणूस बसला की ती सैल पडते, उभा राहिला की ताणते. मणक्याशी तिचं भांडण नाही. "मी पाठीकडून बघत राहिलो," ते म्हणाले. "फोटोत झीज दिसली आणि पुढून दाबून बघायचं राहूनच गेलं. आणि तो पट्टाही मीच दिला." हे त्यांनी नर्ससमोर सांगितलं, याचं मला फार कौतुक वाटलं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण मला तेव्हा आठवली होती, पण मी ती गिळली.

बाईंचं मात्र संपलं नव्हतं. "थांबा. नाडी मी नोकरीला लागल्यापासून अशीच बांधते. मग तेव्हा का नाही जळलं?"

डॉक्टर चाचरले. मला म्हणाले, "निवृत्तीनंतर... म्हणजे यांचं... वजन जरा..."

"पोट सुटलंय म्हणा ना सरळ," बाई म्हणाल्या. "सुटलंय. वरून पोट, खालून हाड, मध्ये नाडी आणि त्यात ती बिचारी नस. बरोबर. पूर्ण गुण." आणि त्यांनी डॉक्टरांच्या पाठीत शाबासकीची अशी थाप मारली की त्यांचा चष्मा घसरला.

खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्या जागी बधिर करायचं इंजेक्शन दिलं. बाई पट्टा, परकर, साडी असा सगळा जामानिमा करून हॉस्पिटलच्या लांबलचक व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिल्या. मांडी गप्प. ऑपरेशन रद्द. कमरेची कुरकुर राहणार, ती वयाचीच, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "हे कारण मान्य. एवढं आम्ही दोघी सांभाळून घेऊ." दोघी म्हणजे त्या आणि त्यांची कंबर. घरी येताना गाडी पुन्हा शीळफाट्याला अडकली तर बाई चक्क गाडीतून उतरल्या, दुभाजकाशेजारी उभ्या राहिल्या आणि ट्रकवाल्यांकडे बघून हसत होत्या. मला "बाई, आत या" म्हणून ओरडावं लागलं.

पुढचे काही दिवस आमच्या बिल्डिंगमध्ये कुठल्याच बाईची नाडी सुरक्षित नव्हती. जिन्यात अडवून बाई तपासायच्या, "गाठीखाली दोन बोटं शिरतात का?" सेक्रेटरींची बायको लाजून घरात पळाली, तर बाई दार वाजवून आत गेल्या. स्वतःसाठी त्यांनी कागदावर आकृती काढून शिंप्याकडून खांद्यावर पट्ट्या असलेला परकर शिवून घेतला. शिंपी म्हणाला, "असा कुणी नाय घालत बाई." त्यानंतर त्याच्या दुकानात अर्धा तास शिकवणी झाली, आणि आता तो असे परकर दुकानात टांगून ठेवतो. नस लगेच रुसवा सोडत नाही. दोन-चार महिने अधूनमधून मुंग्या यायच्या. रोज थोडं जास्त चालणं, रोज थोडं जास्त उभं राहणं. आम्रखंड बंद झालं. त्याचं दुःख त्यांनी ऑपरेशनपेक्षा जास्त केलं.

दिवाळी झाली, वर्ग बंद झाला नाही. नंतरच्या एका रविवारी हॉल इतका भरला की मला खिडकीत बसावं लागलं. गळलेली मुलं परत आली होती, वर आपापल्या मित्रांना घेऊन आली होती. बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या. एक प्रमेय झालं, दुसरं झालं. मी मनातल्या मनात त्यांच्या चेहऱ्यावर आठी शोधत होते, ती येत नव्हती. तिसऱ्या प्रमेयाला त्यांनी टाचा उचलल्या, हात वर ताणला आणि एका दमात वर्तुळ काढलं. मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळा हॉल वाजवायला लागला. माझे डोळे भरून आले. लाजायचं काय त्यात, भरून आले.

तेवढ्यात त्यांचा मुलगा दारात आला. घोडबंदरची गर्दी तुडवून आलेला, हातात फळांची पिशवी. आईला तशी उभी बघून तो तिथेच थबकला. थोडा वेळ बघत राहिला. मग न राहवून पुढे आला आणि भिंतीशेजारची खुर्ची ओढत म्हणाला, "आई, खूप वेळ झाला गं. बस ना आता जरा."

बाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. घामाने कपाळ चमकत होतं, बोटं खडूने पांढरी झाली होती.

"तू बस," त्या म्हणाल्या. "मी उभी आहे."

आणि तो पिशवी मांडीवर घेऊन मुलांमध्ये जाऊन बसला.